गाठी मारलेली दोरी

आदिनाथ बाहेर बोलतो आणि घरात मुका होतो, ही भीमाबाईची तक्रार अख्ख्या बोरमाळला पाठ होती. शेततळी देणाऱ्या संस्थेत लागल्यापासून पोरगं गावोगाव बैठका घेतं, बायांना गोल करून बसवतं, "ताई, तुम्हाला काय वाटतं" म्हणून गोडीगोडीनं विचारतं. आणि जन्म दिलेली आई विचारते, कालवणात मीठ बरं हाय का, तर मोबाइलवरची मान वर होत नाही.

"संस्थेनं त्याच्या जिभेचा पगार लावलाय," कांद्याच्या वाफ्यात विळा चालवता चालवता ती शेजारच्या बायांना सांगायची. "घरी फुकट कशाला हालवंल?"

बाया हसायच्या. सून सुकन्या हसायची नाही. ती खाली मान घालून पात कापत राहायची. कांद्याच्या रसानं तिची बोटं काळी पडली होती आणि अंगठ्याला चीर गेली होती, तिच्यात रस जाऊन चुरचुरायचं. फाल्गुनाचं ऊन पाठीवर तापलेल्या तव्यासारखं बसलं होतं. वाफ्याच्या वरच्या अंगाला शेततळं होतं. तिकडं पाठ करून बसायची सवय दोघींना लागली होती. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण बसताना दोघींची तोंडं रस्त्याकडं असायची.

त्या तळ्यात गेल्या श्रावणात भीमाबाईचा थोरला, सुकन्येचा नवरा कानिफनाथ बुडून गेला होता.

मोटरीच्या पाइपाच्या तोंडाशी शेवाळ गोळा झालं, पाणी खेचंना, म्हणून तो काढायला उतरला. पट्टीचा पोहणारा. लहानपणी गावच्या विहिरीत थेट वरून उडी मारायचा आणि तळाची माती मुठीत घेऊन वर यायचा. असला गडी मुठीएवढ्या पाइपापाशी बुडाला, हे गावाला पटेना. मग गावानं पटेल असं कारण शोधलं. साती आसरांनी ओढला. पाण्यातल्या बाया त्या, आवडलेला माणूस ठेवून घेतात. भावकीतल्या कुणीतरी तळ्याच्या बांधावर सात दगड मांडले, शेंदूर फासला, हिरव्या बांगड्या वाहिल्या. लोक पाया पडून गेले.

भीमाबाई पाया पडली नव्हती. तिनं दगडांच्या खाली, उतारावर पाहिलं होतं. तळ्याला अंथरलेल्या प्लास्टिकच्या काळ्या कागदावर शेवाळाचा हिरवा साका बसला होता, आणि त्या साक्यात बोटांच्या रेघा होत्या. पाण्यापासून हातभर वर आलेल्या, परत खाली गेलेल्या. शेजारी दुसऱ्या. पुढं तिसऱ्या. पोरगं तळ्याच्या कडेकडेनं फिरून चढायला बघत होतं. पोहता येत होतं, म्हणून लवकर मेलं नाही. दमून मेलं.

"आसरा असत्या तर त्याला येवढं तंगवलं नसतं," ती सुकन्येला म्हणाली होती. त्या दोघींनी त्या एका वाक्यावर सगळं रडून घेतलं होतं.

नंतर सुकन्याच म्हणाली की तिथं एखादी दोरी असती तर. भीमाबाईनं दोरी केली. पहिली घायपाताची केली, ती पाण्यात महिनाभरात कुजली. दुसरी नायलॉनची आणली, ती ओल्या हातातून सुळसुळ निसटली. मग तिनं नायलॉनला मुठीमुठीवर गाठी मारल्या, टोकाला सायकलचं जुनं टायर अडकवलं म्हणजे तरंगत राहील, आणि वरचं टोक बांधावर लोखंडी खुंटीला आवळलं. लांबी तळापर्यंत धरली. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, तसा कोरडा उतार वाढत जातो, हे तिच्या ध्यानात आलं होतं. सुकन्या स्वतः उतरली होती. कमरेला दुसरा दोर बांधून, सासूच्या नजरेसमोर, नवरा गेला त्याच पाण्यात. गाठ धरून ती वर चढून आली आणि बांधावर बसून ओकली.

आदिनाथनं ते साहेबांना दाखवलं. संस्थेनं दिलेल्या सगळ्या तळ्यांना चारी बाजूंनी तशा दोऱ्या लागल्या. गुपचूप लागल्या. का लागल्या, ते कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. पण लागल्या, म्हणून भीमाबाई गप्प होती.

तर त्या दिवशी कांदा काढता काढता तिच्या कानावर आलं की जामखेडला बैठक आहे, आणि ती आपल्या संस्थेची एकटीची नाही. तालुक्यातल्या झाडून सगळ्या संस्था येणार होत्या. पलीकडच्या खोऱ्यात तळी देणारे पिवळ्या पाटीवाले, शेळ्या देणारे, बचत गटवाले.

संध्याकाळी आदिनाथ गाडी उभी करतो न करतो तोच तिनं विचारलं, "कशाची रं बैठक हाय?"

"अनुभवाची देवाणघेवाण."

"आता ते मराठीत सांग."

आदिनाथला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. "आई, आपल्या संस्थेला काम करताना जे कळलं, ते आपण बाकीच्यांना सांगायचं. त्यांना जे कळलं, ते त्यांनी आपल्याला. म्हंजे एकानं ठेच खाल्ली की दुसऱ्यानं खायला नको."

"चांगलं हाय की. कुणाच्या तरी डोक्यातनं बरं निघालं." ती त्याच्याजवळ सरकली. "मंग दोरीचं सांग."

आदिनाथ बूट सोडायला लागला.

"पलीकडच्या खोऱ्यात तळी व्हायलीत म्हनं लई. त्यांच्या तळ्यांना दोऱ्या हायत का?"

"न्हाईत."

"तुला ठावं हाय न्हाईत ते?"

"जाता-येता दिसतं ना."

"मंग सांग. कानिफचं नाव घेऊन सांग. आसरांनी न्हाई नेला, कागदावरनं वर येता आलं न्हाई म्हनून गेला, असं सांग."

"बघतो."

"बघतो काय? सांगतो म्हन."

"सांगतो."

मग सासू-सुनांनी नव्या दोरीला गाठी मारायला घेतलं. सुकन्या एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायची, भीमाबाई गाठ आवळायची. दोघींच्या हाताला घट्टे होते, नायलॉननं ते सोलले. गाठी सारख्या अंतरावर आल्या पाहिजेत म्हणून भीमाबाई प्रत्येक गाठीला आपली मूठ ठेवून बघायची आणि मग म्हणायची, "माझी मूठ नको, तुझी ठेव. बुडनारं तरनंताठंच आसतंय." दोरी तयार झाल्यावर तिनं ती वेटोळं करून आदिनाथच्या पिशवीत घातली, वर त्याची संस्थेची फाइल ठेवली आणि म्हणाली, "नुसतं तोंडानं सांगू नको. हातात दे. लोकांना हातात दिल्यावर कळतंय."

बैठकीहून तो अंधार पडता पडता आला. भीमाबाई ओट्यावरच बसली होती.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"अन् दोरी?"

"दिली."

"काय म्हनले?"

"चांगलंय म्हनले."

ती उठली. आत गेली, त्याच्या भाकरीवर तूप घातलं, सुकन्येच्याही भाकरीवर घातलं. घरात तूप कुणाला न मागता वाढायची ही पहिलीच वेळ होती, म्हणून सुकन्येनं दचकून वर बघितलं. "खा," भीमाबाई म्हणाली. "कानिफ गेला, पर वाया न्हाई गेला."

दुसऱ्या दिवशी वाफ्यात तिची तक्रार बंद होती. बाया म्हणाल्या, काय हो आत्याबाई, पोराची जीभ आज सुटली का? ती म्हणाली, "लागंल तिथं सुटली. भर बैठकीत सुटली. साहेबलोकांच्या म्होरं भावाचं नाव घेऊन बोलला. घरी न्हाई बोलला तर न्हाई बोलला." हे तिनं किराणाच्या दुकानात सांगितलं, गिरणीत सांगितलं. एका आजारी नातेवाइकाला बघायला मिरजगावला गेली, तिथंही सांगून आली. फुशारकी मारायला तिला आवडायचंच. पण ही फुशारकी मारून झाली की ती उगाच कुणावर तरी खेकसायची.

चैत्र लागला. कांदा निघून चाळीत पडला. रानं उघडी पडली, बांधावरचं गवत वाळून कुसळ झालं. एका दुपारी, सगळं गाव उन्हाला भिऊन आत असताना, आदिनाथची गाडी दारात आली. या वेळेला तो कधी यायचा नाही. भीमाबाई कांद्याची वाळकी साल पाखडत होती. तो आत आला आणि उंबऱ्यावरच बसला. निळ्या शर्टावरची संस्थेची खूण घामानं अंगाला चिकटली होती.

"काय रं?"

"पलीकडं चिंचखोऱ्यात तळ्यात एक मानूस गेलं. काल."

भीमाबाईचं सूप थांबलं.

"मरद मानूस हुतं का बाई?"

"बाई. तरनी. रोपाला पानी आनायला बादली घेऊन गेल्ती. सासू सोबत हुती."

"मंग दोरी तुटली का काय?" भीमाबाई उठून उभी राहिली. "कशाची केल्ती त्यांनी? घायपाताची आसंल. सांगितलं न्हवतं का तू घायपाताची सडती म्हनून? का आखूड पडली? उन्हाळ्यात पानी खाली जातंय, तवा..."

"दोरी न्हवती, आई."

"न्हवती कशी? तू दिलीस की."

आतल्या दारात सुकन्या येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात पीठ लागलेलं होतं.

"तू सांगितलं हुतंस ना, आदिनाथ?"

तो जमिनीकडं बघत राहिला. मग हळू म्हणाला, "साहेबांनी आधीच बजावलं हुतं. आपल्या तळ्यात मानूस गेला असं त्या बैठकीत गेलं, तर ते पिवळ्या पाटीवाले ते घेऊन पैसे देनाऱ्या कंपनीपर्यंत जातील. पुढची तळी आपल्याला न्हाईत, त्यांना मिळतील. किती गावं वाट बघत्यात, आई. आमी फक्त किती तळी केली, किती एकर भिजलं, येवढंच दाखवलं. फोटो दाखवले."

"अन् दोरी कुठं हाय?"

"हापिसात. कपाटामागं."

भीमाबाई जागची हलली नाही. अंगणात कोंबडी माती उकरत होती.

मग ती सुकन्येला म्हणाली, "भाकरी टाक. पिठलं कर. त्यांच्या घरी चूल न्हाई पेटायची."

"आई, आपली वळख न्हाई त्यांची," आदिनाथ म्हणाला.

"वळख व्हायला येळ लागत न्हाई. गाडी काढ."

घाटाचा रस्ता खड्ड्याखड्ड्यांचा. भीमाबाई फडक्यात बांधलेल्या भाकरी मांडीवर धरून बसली होती. तिनं आदिनाथच्या खांद्याला हात लावला नाही, मागची लोखंडी दांडी धरली. दांडी तापलेली होती. तरी धरली.

चिंचखोऱ्याच्या अलीकडंच तळं लागलं. तिनं गाडी थांबवायला लावली आणि बांधावर चढली. पाणी पार तळाला गेलं होतं. काळा उतार उन्हात चकाकत होता, त्याच्यावर वाळलेल्या शेवाळाची पापुद्री. एक निळी बादली अजून पाण्यावर कलंडलेली होती. आणि बांधाच्या कोपऱ्यावर सात दगड होते. शेंदूर कालचा नव्हता. उन्हानं त्याला भेगा पडल्या होत्या.

घर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. अंगणात बाप्ये बसले होते, तोंडं रानाकडं. घरधनी बिभीषण, मेलेल्या पोरीचा सासरा, खाटेच्या दांडीला टेकून होता. त्यानं परकी म्हातारी बघून हात जोडले.

"कुठल्या म्हनायच्या?"

"बोरमाळच्या. माझा पोरगा गेल्ता तळ्यात. श्रावणात."

बिभीषणनं मान हलवली. "आयकलं हुतं आमी. बाजारात लोकं बोलत हुते. चांगला पोहनारा हुता, आसरांनी नेला म्हनून. तवाच आमी आमच्या तळ्यावर आसरा बसवल्या, नारळ फोडला." त्यानं तळ्याकडं हात केला. "सगळं केलं आमी. काय चुकलं, कळंना."

भीमाबाईला त्याच्याकडं बघवलं नाही. ती आत गेली. आदिनाथ गाडीपाशीच थांबला.

आत अंधार होता. बाया भिंतीला लागून बसल्या होत्या. मधे केशरबाई, मेलेल्या सुनेची सासू. तिचं लुगडं दुसऱ्याच कुणाचं तरी होतं, अंगाला नीट बसलेलं नव्हतं. गुडघे सोलवटलेले, त्यावर हळद लावलेली. भीमाबाईनं भाकरी बाजूला ठेवल्या आणि तिच्या समोर बसली. सांगितलं, मी कोण. केशरबाई बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली, जशी एखादी खूप लांबून ओळख पटवते.

"तुमचा पोरगा," ती म्हणाली.

"व्हय."

"तुमी हुता का तिथं? त्या येळेला?"

"न्हाई. मी घरी हुते."

"मी हुते." केशरबाईनं आपले दोन्ही हात उलटे करून बघितले. "बादली निसटली म्हनून ती वाकली अन् गेली. मी वरनं बघती. चढायला बघायची, घसरायची. 'आत्या' म्हनाली. आत्या म्हनूनच हाक मारायची मला. आवतीभवती काय न्हाई. काठी न्हाई, फांदी न्हाई. मी लुगडं सोडलं अन् फेकलं. पहिल्यांदा वाऱ्यानं बाजूला गेलं. पान्यात पडून भिजलं, जड झालं, ते वढून परत फेकलं, तवा तिच्या हाताला लागलं."

बायांपैकी कुणीतरी म्हणालं, "मामी, नका आता."

"लागलं. धरलं तिनं. मी वढती. ती वढती. मग मीच घसराय लागले, गुडघ्यावर. खाली खाली. पाय लागंना कुठं." तिनं मुठी उघडून दाखवल्या. "मग मी सोडलं, बाई. माझ्या हातानं सोडलं."

बाहेर कुणीतरी खाकरलं.

भीमाबाई इतकी वर्षं कुणाला ऐकून घेणारी बाई नव्हती. कुणाचं रडणं ऐकलं की ती मधेच आपलं सांगायची. आज तिनं शेवटपर्यंत ऐकलं. तिच्याजवळ दोरीची तेवढी गोष्ट होती, आणि ती आता सांगायची म्हणजे चिता जळून गेल्यावर पाणी ओतायचं. पण गावात अजून तळी होती. आणि ही बाई आपले हात बघत बसली होती.

"आयका माझं," ती म्हणाली. "हातानं कुनालाच वर वढवत न्हाई. तुमाला न्हाई, मला न्हाई, पैलवानाला न्हाई. कागदावर उभ्या मानसाचा पाय टिकत न्हाई. तुमी सोडलं नसतं तर तुमी दोघी गेल्या असता, येवढंच. तिथं दोरी लागती. गाठी मारलेली. अन् ती खुंटीला बांधलेली लागती, हाताला न्हाई. गाठ धरून मानूस आपलं आपन चढतंय. माझी सून चढलीय, मी डोळ्यानं बघितलंय. तुमच्या हातात काय खोट न्हवती. दोरी न्हवती."

केशरबाईचे हात खाली आले. ती रडायला लागली, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. भीमाबाईनं तिचं डोकं आपल्या खांद्याला घेतलं. परक्या लुगड्याचा वास, हळदीचा वास.

मग केशरबाईनं पदरानं डोळे पुसले आणि साधंच विचारलं, "ही दोरी तुमाला कवापासनं ठावं हाय?"

"दिवाळीच्या आधीपासनं."

"मंग इकडं कुनी न्हाई सांगितलं?"

भीमाबाईला लबाडी करता आली असती. संस्थेचं नाव घेता आलं असतं, साहेबाचं घेता आलं असतं. ती दोन्ही नावं परकी होती, त्यांच्यावर ढकलून मान ताठ ठेवून उठता आलं असतं. आख्ख्या पंचक्रोशीत जिनं कधी मान खाली घातली नाही, ती भिंतीकडं बघत म्हणाली, "सांगायला एकाला पाठवलं हुतं. त्यानं न्हाई सांगितलं."

"कोन?"

"त्यो भाईर गाडीपाशी उभा हाय, त्यो. माझा हाय."

बायांच्या माना दाराकडं वळल्या. अंगणात बोलणं थांबलं, म्हणजे बाहेरही ऐकू गेलं होतं. बिभीषण खाटेवरून उठून उभा राहिला. आदिनाथ गाडीच्या आरशाला धरून होता, त्याचा निळा शर्ट उन्हात लांबून दिसत होता. भीमाबाईला वाटलं, आता मारतील. मारू देत, असंही वाटलं.

बिभीषणनं मारलं नाही. शिवीही दिली नाही. तो नुसता बघत राहिला आणि मग घरात वळून म्हणाला, "उन्हाचं आलेत. पानी द्या त्यास्नी."

एका पोरीनं तांब्या नेला. आदिनाथनं तो दोन्ही हातांनी घेतला. तोंडाला लावता येईना, परत देता येईना. तसाच धरून उभा राहिला. भीमाबाईनं ते दारातून पाहिलं आणि नजर काढून घेतली. तिला आयुष्यात पुष्कळांनी पुष्कळ बोलून घेतलं होतं, पण असं पाणी तिला कुणी पाजलं नव्हतं.

निघताना तिनं बिभीषणला सांगितलं की उद्या सकाळी ती सुनेला घेऊन येईल, खुंट्या आणि दोर घेऊन. गावातल्या सगळ्या तळ्यांना बांधून देईल, बांधायला शिकवेल. त्यानं मान हलवली.

परतीच्या वाटेवर, घाटाच्या माथ्यावर, आदिनाथनं गाडी थांबवली. त्याला पुढचं दिसत नव्हतं. तो खाली उतरला, रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि लहान पोरासारखं तोंड झाकून रडला. भीमाबाई गाडीपाशी उभी राहिली. तिला त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. हात तिनं पदरात गुंडाळून घेतला.

"मी उभा राहिलो हुतो, आई," तो म्हणाला. "बैठकीत. पिशवीत हात घातला हुता. समोर साहेब बसलेले. दादाचं नाव तोंडात आलं अन्... फोटो दाखवून खाली बसलो."

ती त्याच्याकडं बघत राहिली.

"तू अशी बघू नको. मी काय ढकललं न्हाई कुनाला. दादाला पाण्यानं नेलं. त्या बाईलाबी पाण्यानंच नेलं."

खाली खोऱ्यात तळी चकाकत होती, इथून भाकरीएवढी दिसत होती. भीमाबाईनं ती पाहिली, मग पोराकडं पाहिलं. तिचा आवाज चढला नाही.

"पाण्याला काय कळतंय, आदिनाथ. तुला कळत हुतं."